अस्मानी शिकवली, सुलतानी वगळली

मराठीच्या कोणत्याही चर्चासत्रात ग्रामीण साहित्यावरचा निबंध सुरू झाला की दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात 'अस्मानी-सुलतानी संकटे' हा जोडशब्द येतोच. आम्हीही तो कितीदा वापरला आहे, याची मोजदाद नाही. गंमत अशी की जोडशब्द उच्चारून झाल्यावर निबंधकार त्यातील पहिल्याच पदाचा हात धरतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही. अवर्षण, गारपीट, रोगराई, कोरडी विहीर, उलंगलेले शिवार यांवर पानेच्या पाने लिहिली जातात. सुलतान मात्र उल्लेखापुरता येऊन जातो. तो कोण होता, त्याने कोणता हुकूम काढला, कोणत्या महिन्यात काढला आणि त्या हुकमाने क्विंटलमागे काय फरक पडला, हे विचारण्याची आमच्या समीक्षेत रीत नाही.

ही रीत निरुपद्रवी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. गरीब देशांतील शेतकऱ्याचे दारिद्र्य पावसाने जितके घडवले त्याहून अधिक ते भावाने घडवले, आणि तो भाव बहुतेक वेळा कोणीतरी ठरवून पाडलेला होता. ज्या समीक्षेला हे दिसत नाही ती शेतकऱ्याच्या दुःखावर कितीही गहिवरली तरी दुःखाच्या कारणावर पांघरूणच घालते.

हे लिहिण्यास निमित्त झाले एका उत्तरपत्रिकेचे. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागात पदव्युत्तर वर्गाच्या अंतर्गत परीक्षेत सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'वर (२००२) प्रश्न होता: कादंबरीतील शेतकरी कुटुंबाच्या शोकात्म जीवनाचे स्वरूप स्पष्ट करा. एका विद्यार्थ्याने पहिले पान नेहमीप्रमाणे लिहिले आणि पुढे आपल्या घरच्या कपाशीचा एकरी हिशेब मांडला. बियाणे, खत, फवारणी, निंदण, डवरणी, वेचणीची मजुरी, बाजारापर्यंतचे भाडे. आणि समोर विक्रीची रक्कम. खाली त्याने लिहिले होते की एकनाथच्या घरातील भांडणे याच वजाबाकीतून सुरू होतात. आमच्यापैकी एकाने त्या पानावर लाल शाईने 'विषयांतर' असा शेरा मारला आणि दुसऱ्याने पुनर्तपासणीत तो कायम ठेवला. कोणी कोणता भाग केला हे सांगण्यात अर्थ नाही. दोन्ही हात आमचेच.

विषयांतर कशापासून? 'ते अर्थशास्त्र झाले, साहित्य नव्हे', हे ठरलेले उत्तर आहे. ते देणाऱ्यांनी मराठी गद्याचा इतिहास जरा उघडून पाहावा. शेतकऱ्यावरचे मराठीतील पहिले थोर गद्य म्हणजे जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड'. १८८३ साली पूर्ण झालेला हा ग्रंथ करुण रसाचा नाही. सारा, पाणीपट्टी, कोर्टकचेऱ्या, सावकारी, परदेशी माल आणि सरकारी अंमलदार यांचा तो खटला आहे. 'दीनबंधु'ने त्याची सुरुवातीची प्रकरणे छापून पुढची छापणे थांबवले, ही गोष्ट तर प्रसिद्धच आहे. आजच्या विद्यार्थ्याला त्यातले काय ठाऊक असते? आरंभीच्या चार ओळी. त्या भिंतीवर लिहिलेल्या असतात, निमंत्रणपत्रिकेवर छापलेल्या असतात आणि परीक्षेत अवतरणादाखल येतात. पाचव्या प्रकरणात फुले लष्करातील आणि पोलिसांतील फावल्या माणसांकडून तालीबंधारे बांधून घ्या म्हणतात, पाणी प्रत्येक शेताला तोटी बसवून मोजून द्या म्हणतात, चांगल्या जातीची जनावरे-मेंढरे आणा म्हणतात. ते प्रकरण शिकवताना आम्ही कोणाला पाहिलेले नाही. आम्ही स्वतःही शिकवलेले नाही. तोटी हा वाङ्मयीन घटक कोणत्या शीर्षकाखाली बसवावा, हे आम्हांस कळले नसावे.

फुल्यांनंतरच्या सत्तर वर्षांत जगात बरेच घडले. वसाहती स्वतंत्र होऊ लागल्या आणि त्यांच्या विकासाचे शास्त्र तयार झाले. त्या शास्त्राचा एक आधारग्रंथ मानला जावा असा लेख सेंट लुशिया या कॅरिबियन बेटावर जन्मलेल्या आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये लिहिला. गरीब देशांच्या शेतीत माणसे गरजेपेक्षा अधिक आहेत. त्यांतील काही काढून घेतली तरी उत्पन्न फारसे घटणार नाही. ती कारखान्यांत आणावीत, त्यांना निर्वाहापेक्षा थोडी अधिक मजुरी द्यावी, नफा पुन्हा भांडवलात घालावा आणि देश पुढे न्यावा, अशी त्याची ढोबळ रूपरेषा. या मांडणीची कळ एका जागी आहे. अन्न महागले की मजुरी वाढते, मजुरी वाढली की नफा घटतो, नफा घटला की सगळी गाडी अडते. लुईस यांना हे पुरते माहीत होते. म्हणूनच तेव्हाच्या गोल्ड कोस्टसाठी, म्हणजे आजच्या घानासाठी, १९५३ मध्ये लिहिलेल्या अहवालात त्यांनी आधी अन्नधान्याची उत्पादकता वाढवा असा सल्ला दिला होता. राज्यकर्त्यांनी त्यांच्या विचारातील सोयीचा अर्धा भाग घेतला. उत्पादकता वाढवून अन्न स्वस्त करण्यास वेळ लागतो, पैसा लागतो. हुकमाने स्वस्त करण्यास एक कागद पुरतो.

घानाचेच पाहा. कोको हे तिथले नगदी पीक, आणि १९४७ पासून त्याची खरेदी सरकारी मंडळाकडे. मंडळ स्थापताना हेतू सांगितला गेला तो शेतकऱ्याला जागतिक बाजाराच्या चढउतारांपासून वाचवण्याचा. प्रत्यक्षात जागतिक भाव आणि शेतकऱ्याला दिलेला भाव यांतील फरक खजिन्यात जाऊ लागला. स्वातंत्र्यानंतर त्यावर नव्या राष्ट्राचे मनोरथ उभे राहिले. हेतू वाईट नव्हते. रस्ते, शाळा, दवाखाने हवेच होते. परंतु ज्याच्या पोत्यातून ते निघाले त्याने कालांतराने नवी झाडे लावणे सोडले आणि सीमेजवळच्यांनी माल रात्री शेजारच्या देशात नेण्यास सुरुवात केली. १९६४-६५ च्या हंगामात साडेपाच लाख टनांच्या वर गेलेले उत्पादन १९८३-८४ मध्ये सुमारे १ लाख ६० हजार टनांवर आले. त्या वर्षी अवर्षण होते, वणवेही लागले होते. म्हणजे अस्मानीही होतीच. पण वीस वर्षांची उतरण एका उन्हाळ्याच्या माथी मारता येत नाही.

आमच्याकडच्या वाचकाला ही हकीकत परकी वाटू नये. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवणे हा तिचा घोषित हेतू होता, आणि भाव कोसळलेल्या हंगामांत तिने शेतकऱ्याला आधार दिला हेही खरे आहे. मात्र ज्या वर्षी राज्याबाहेर भाव चढा असे त्या वर्षी स्वतःच्या शेतातला कापूस स्वतःच्या गाडीत घालून सीमेपलीकडे नेणारा शेतकरी गुन्हेगार ठरे. यवतमाळ जिल्ह्यातून रात्री पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे जाणाऱ्या गाड्यांच्या गोष्टी आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीने सांगितल्या आहेत. चोरून दारू नेणाऱ्यांच्या कथा मराठीत आहेत, चोरून सोने आणणाऱ्यांच्या आहेत. चोरून स्वतःचाच कापूस नेणाऱ्या माणसाची कादंबरी आमच्या वाचनात आलेली नाही. असल्यास वाचकांनी जरूर कळवावी. आम्ही ती अभ्यासक्रमात लावण्यासाठी भांडू.

राज्याची सीमा ओलांडली तरी सुलतान संपत नाही. पश्चिम आफ्रिकेतील मालीमध्ये सिकासोच्या परिसरात कापूस पिकतो. तिथला शेतकरी आणि आमच्या वर्गात बसणाऱ्या मुलाचा बाप यांनी एकमेकांचे नावही ऐकलेले नाही, पण दोघांच्या रुईचा भाव एकाच जागतिक बाजाराशी बांधलेला आहे. २००१-०२ मध्ये अमेरिकेने आपल्या सुमारे पंचवीस हजार कापूस उत्पादकांना ३९० कोटी डॉलरची मदत दिली, असा हिशेब ऑक्सफॅमने मांडला होता. या मदतीमुळे तिथला माल उत्पादनखर्चाखाली विकणे परवडू लागले. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. माली आणि बुर्किना फासोच्या राष्ट्राध्यक्षांनी अमेरिकी वृत्तपत्रात लेख लिहिला. त्याच वर्षी सप्टेंबरात कानकुनची परिषद कोसळली. परिषदस्थळाबाहेर ली क्युंग-हे या कोरियन शेतकरी नेत्याने सर्वांसमक्ष प्राण दिला. ब्राझीलने याच अनुदानांविरुद्ध खटला लढवून जिंकला आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन तडजोड केली. ब्राझील मोठा देश होता. चाडच्या शेतकऱ्याला असले काही मिळाले नाही.

येथे एक भाबडेपणा टाळायला हवा. श्रीमंत देश आपल्या शेतकऱ्याला देतात आणि गरीब देशांतील शेतकरी त्याने बुडतो, एवढीच गोष्ट असती तर राष्ट्रवादी भाषण करून मोकळे होता आले असते. परंतु गरीब देशांची स्वतःची सरकारेही त्याच दिशेने जोर लावत आली. स्वित्झर्लंडमधील नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागलेल्या शरद जोशींनी १९८० च्या आसपास 'उणे अनुदान' ही कल्पना मांडली तेव्हा पुष्कळांना ती वक्तृत्वाची चमक वाटली. पुढे भारत सरकारने आंतरराष्ट्रीय व्यापारवाटाघाटींत स्वतःच दिलेल्या हिशेबात शेतीचा आधार उणे निघाला. आणि २०१८ मध्ये ओईसीडी व इक्रिअर यांच्या अहवालाने २००० ते २०१६ या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला एकूण आधार त्याच्या उत्पन्नाच्या सरासरी उणे १४ टक्के असल्याचे दाखवले. खत, वीज, कर्ज यांवरची सारी सवलत जमेस धरून हा आकडा आहे. जोशींच्या राजकीय निष्कर्षांशी आमचे जागोजागी मतभेद आहेत, वजाबाकीशी नाहीत.

आता जो मुद्दा निःसंशय आमच्याच विषयाचा आहे, त्याकडे येऊ. भाषा. कांदा महागला की मराठी वृत्तपत्रांत मथळे ठरलेले असतात: कांद्याने रडवले, कांद्याने डोळ्यांत पाणी आणले, भाव भडकले, भाव गगनाला भिडले. भाव पडला की 'ग्राहकांना दिलासा'. आगीचे, अश्रूंचे आणि आभाळाचे सगळे अलंकार एकाच बाजूच्या वाट्याला गेले आहेत. 'महागाई'ला विरुद्धार्थी शब्द आहे 'स्वस्ताई', आणि तो कानाला सणासारखा लागतो. विकणाऱ्याच्या बाजूने स्वस्ताईला काय म्हणावे, यासाठी प्रमाण मराठीत रुळलेला एक शब्द नाही. 'मातीमोल' आहे म्हणावे, तर त्यातही हिणवणी मातीचीच. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, त्याआधी ऑगस्टमध्ये चाळीस टक्के शुल्क लागले होते, मे २०२४ मध्ये बंदी उठली. लासलगावच्या ओट्यांवर त्या पाच महिन्यांत काय झाले याचे वर्णन करताना बातमीदाराला आकड्यांशिवाय भाषाच सापडत नव्हती, कारण ती आपण घडवलेलीच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे अकरा टक्के आयातशुल्क माफ झाले आणि ती माफी वर्षअखेरपर्यंत वाढवली गेली. नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर. शैलीविज्ञानाच्या तासाला हे मथळे विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत, दुसरे उदाहरण शोधावे लागणार नाही.

हीच गोष्ट 'काळी आई' आणि 'बळीराजा' यांची. फुल्यांच्या हातात बळी हा सत्तेचा दावा होता. आज तो जाहिरातीतला हार घातलेला म्हातारा झाला आहे. आईचे दूध कोणी तोलून विकत नाही, म्हणून काळ्या आईच्या लेकरानेही भावाची भाषा बोलू नये, अशी या रूपकातून निघणारी छुपी शिकवण. रूपके फुकटची नसतात.

आनंद यादवांच्या 'गोतावळा'चे (१९७१) आम्ही काय केले तेही सांगितले पाहिजे. ट्रॅक्टर येतो आणि सालगड्याचा जनावरांशी जुळलेला गोतावळा उधळतो, हे त्या कादंबरीचे मर्म. वर्गात त्याचे 'मानव-प्राणी भावबंध', 'यंत्रयुगाचा आघात' आणि 'बोलीचे सामर्थ्य' असे तीन तुकडे होतात. तिन्हींवर टिपा असतात. लुईसच्या सिद्धांतातला तो 'अतिरिक्त' माणूस म्हणजे नेमका हाच गडी. सिद्धांताप्रमाणे कुठल्यातरी कारखान्याचे दार त्याच्यासाठी उघडायला हवे होते. ते का उघडले नाही, आणि शेतीतून माणूस बाहेर काढणारे यंत्र आले तसे त्याला सामावणारे यंत्र का आले नाही, हा गरीब देशांच्या विकासाचा मधला प्रश्न यादवांनी एका माणसाच्या एकटेपणातून उभा केला. आम्ही त्याला प्रादेशिकतेच्या खणात ठेवले.

आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. शेतमालाला चढा भाव म्हणजे शहरातील गरिबाच्या आणि गावातील भूमिहीनाच्या ताटावर घाला. गावातही धान्य विकत घेऊन खाणारेच अधिक. शिवाय 'शेतकरी' असे एकवचनी नाव घेतले की मालक आणि सालदार, सवर्ण आणि दलित, बागाईतदार आणि कोरडवाहू हे सगळे एका पटक्याखाली झाकले जातात. दलित आत्मकथनांनी गावाचे हे एकवचन मोडून दाखवले आहे, आणि ते आम्हांस मान्य आहे. भाव वाढला की मजुरी आपोआप वाढते, असेही आम्ही म्हणत नाही. परंतु भुकेल्याला स्वस्त अन्न देणे हे साऱ्या समाजाचे देणे असेल तर ते साऱ्या समाजाच्या खजिन्यातून द्यावे. निर्यातबंदीच्या कागदावर सही करून ते एकट्या नाशिकच्या किंवा यवतमाळच्या खळ्यातून वसूल करणे म्हणजे दानशूरपणा एकाचा आणि गाठोडे दुसऱ्याचे. १९५६ पासून पीएल-४८० खाली आलेला अमेरिकी गहूही असाच स्वस्त होता. त्याने शहरे जगवली हे खरे, पण परक्याचा स्वस्त गहू घेणाऱ्या देशातील शेतीचे भाव दबतात, हे थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० मध्येच लिहून ठेवले होते. १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणण्याची पाळी आली, त्याच सुमारास हमीभावाचा विचार गंभीरपणे झाला. १९७९ चे अर्थशास्त्राचे नोबेल शुल्ट्झ आणि लुईस यांना विभागून मिळाले, हा योगायोग मोठा बोलका आहे.

त्या उत्तरपत्रिकेकडे एकदा परत जायला हवे. अलीकडे आम्ही हमीभावाच्या खर्चाची वर्गवारी समजून घेत होतो. प्रत्यक्ष खिशातून गेलेला खर्च ही एक पातळी, त्यात घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत मिळवली की दुसरी, आणि जमिनीचा खंड व भांडवलावरचे व्याज धरले की तिसरी. स्वामिनाथन आयोगाने उत्पादनखर्चावर पन्नास टक्के अधिक भावाची शिफारस केली. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली ती दुसऱ्या पातळीवर, तिसऱ्या नव्हे. एवढे कळल्यावर आठवले की त्या मुलाच्या हिशेबात वेचणीची मजुरी फक्त बाहेरून आणलेल्या बायकांची होती. त्याची आई आणि बहीण त्यात नव्हत्या. त्या पानावर मारण्याजोगा शेरा होता तो हा, आणि 'बारोमास'मधील स्त्रियांविषयी बोलण्याची वाटही तिथूनच निघत होती. आम्ही तो पाहिला नाही, कारण आकडे दिसताच आम्ही वाचणे थांबवले होते.

गेल्या वर्षी ग्रामीण साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न बदलावा असे आम्ही सुचवले: नेमलेल्या कादंबरीतील कुटुंबाचे उत्पन्न आणि खर्च संहितेच्या आधारे मांडून कथानकाशी त्याचा संबंध दाखवा. बैठकीत एक ज्येष्ठ सहकारी हसून म्हणाले, "सर, उद्या तुम्ही मराठीच्या पेपरला कॅल्क्युलेटर न्यायला परवानगी मागाल." प्रस्ताव बारगळला. ते सहकारी सहृदय आहेत. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरची त्यांची कविता बक्षीसपात्र ठरली होती.

येत्या सत्रात अंतर्गत मूल्यमापन आमच्या हाती आहे, तेवढ्यापुरते तरी 'असूड'चे पाचवे प्रकरण आणि 'गोतावळा' शेजारी ठेवून शिकवायचे, असे ठरवले आहे. अर्थशास्त्र विभागातील एका सहकाऱ्यांनी दोन तास देण्याचे कबूल केले आहे. ज्यांना हे विषयांतर वाटेल त्यांनी तसे अवश्य लिहावे, फक्त विषय कोणता, हेही सोबत लिहावे.